पाच वाजता आलेल्याचा रोज

संध्याकाळी पाचला कामावर आलेल्या मजुराला उजाडल्यापासून राबणाऱ्याइतकाच रोज द्यावा का? पवनारच्या शिवारात हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर खरोखरच उभा राहतो. वावरात सीतादही झालेली असते, दहीभात ठेवून कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते, आणि वेचायला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर हिशेब किलोवर ठरतो. दिवस कलला की धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगायचा, गाठोडं आकड्यात अडकवायचं, ते झुलायचं थांबेपर्यंत वाट पाहायची आणि वजन वहीत लिहायचं. जिचं गाठोडं जड, तिला पैसे जास्त. या हिशेबावरून कुणी भांडत नाही. म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट इथल्या एका शेतकऱ्याला मुळीच पटत नाही.

त्याची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस, तूर आणि एका तुकड्यात सोयाबीन. ती गोष्ट त्याने ज्यांच्याकडून ऐकली, त्या त्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. वय सत्तरीच्या पुढे, माहेर नगर जिल्ह्यातलं, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, सगळी नोकरी वर्ध्यात. अधूनमधून त्या पवनारला येतात. विनोबांच्या आश्रमाखालच्या पायऱ्यांवर, जिथून धाम नदीच्या पात्रातली गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची छत्री दिसते, तिथे गुरू-शिष्य बसतात आणि बरीच वर्षं चाललेला एकच वाद पुढे नेतात. देव उदार आहे, असं बाई म्हणतात. असेल तर त्याची उदारता आमच्या वावरापर्यंत येत नाही, असं तो म्हणतो.

“तुमच्या त्या मालकाने मजुरांची सवय बिघडवली, जी,” या वेळी त्याने सुरुवात केली. “उजाडताच आलेल्यांशी एक दिनार ठरवला. मग नऊला, बाराला, तीनला माणसं आणली. पाचला आणखी आणली. आणि पैसे देताना सगळ्यांना एकेक दिनार! त्यातही शेवटी आलेल्यांना आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मळ्यात कोण गेलं असेल, सांगा. सगळे पाचलाच आले असतील.”

“दिनार म्हणजे किती, ते माहीत आहे ना?”

“एका दिवसाची मजुरी.”

“एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर. दिनाराचा बारावा हिस्सा घेऊन जो घरी जाईल, त्याच्या चुलीवर काय शिजेल? पाचला आलेल्याची पोरं काय एक तासापुरतीच जेवतात?” बाई शाळेत एखाद्या शब्दावर थांबत तशा इथे थांबल्या. “आणि तो मालक त्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे होता? ते काय म्हणतात, आठवतं? झोपलो होतो, असं नाही म्हणत. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं म्हणतात.”

इथे शेतकऱ्याला गप्प बसावं लागलं. पहाटे मजुरांच्या ठिय्यावर जाऊन माणसं आणणारा प्रत्येक जण जाणतो की आधी तगडे गडी उचलले जातात. ऊन चढेपर्यंत जे उभे राहतात ते म्हातारे, आजारातून उठलेले, एका हाताने अधू, कडेवर मूल असलेली बाई. गोष्टीतल्या पाच वाजताच्या गर्दीत आळशी माणसं आहेत, असं वाचणाऱ्याला वाटतं. मूळ गोष्टीत मात्र त्यांना आळशी कुठेच म्हटलेलं नाही.

तरी तो मागे हटला नाही. “ते मान्य. पण मळा त्याचा होता ना? पैसा त्याचा होता. ज्याच्या खळ्यात रास आहे त्याने हात सैल सोडला, यात मोठं काय? माझ्या कापसाचा भाव मी ठरवत नाही. बियाण्याचा, खताचा नाही, वेचणीचा सुद्धा नाही. मी तसा दिनार वाटायला लागलो तर तिसऱ्या वर्षी मीच ठिय्यावर उभा राहीन. देवाची उदारता ही जमीनदाराची उदारता आहे, बाई.”

हा आक्षेप वजनाचा आहे. गोष्टीतल्या सकाळच्या मजुरांनीही कुरकूर केली होती, पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना ठरलेलं मिळालं होतं. दुसऱ्याला तेवढंच मिळालं, हे त्यांना खुपलं. मालकाचा प्रश्न त्यांनाच आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये तो अक्षरशः डोळ्याबद्दल आहे: माझा चांगुलपणा तुझ्या डोळ्यांत का सलतो? मराठीत हा वाक्प्रचार इतका घरचा आहे की भाषांतर करावंच लागत नाही. पवनारचा शेतकरी मात्र दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या रिकाम्या कणगीकडे बोट दाखवत होता.

ही गोष्ट पवनारला कशी पोचली, तेही सांगायला हवं, कारण ती काही केवळ बाईंच्या पिशवीतून इथे आलेली नाही. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी 1860 साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. 1862 मध्ये त्यांचं पुस्तक झालं, तेव्हा त्याला ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव मिळालं. ते द्राक्षमळ्याच्या याच गोष्टीतून, ‘या शेवटच्यालाही’ या मालकाच्या शब्दांवरून घेतलेलं. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला निघालेल्या गांधीजींच्या हातात त्यांचे मित्र हेन्री पोलॉक यांनी ते पुस्तक ठेवलं. गांधीजींनी ते गाडीतच वाचून संपवलं आणि त्यानुसार जगायचं ठरवलं. 1908 मध्ये त्याचा गोषवारा गुजरातीत दिला, तेव्हा त्यांनी नाव निवडलं: सर्वोदय. वर्धा जिल्ह्यात किती पाट्यांवर, किती संस्थांच्या नावात हा शब्द आहे! त्याच्या मुळाशी पाच वाजता कामावर आलेल्या मजुराचा रोज आहे, हे फारच कमी वेळा सांगितलं जातं, आणि ते सांगितलं जायला हवं.

वर्ध्यात ही गोष्ट जगून दाखवणारा ख्रिस्ती माणूसही होऊन गेला. जे. सी. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती घरातले, परदेशात हिशेबशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलेले. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्यांनी त्याची धुरा घेतली. येशूच्या शिकवणीवरचं आणि तिच्या आचरणावरचं त्यांचं पुस्तक तुरुंगात लिहिलेलं, 1945 मध्ये छापलेलं. घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाश्या ही त्यांची रोजची कामं. त्यांची प्रार्थना या कामांपासून वेगळी काढता येत नसे. विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केलं. त्यांच्या नाममालेत रामकृष्णांच्या आणि रहीमच्या बरोबरीने येशूच्या पित्याचंही नाव येतं.

“म्हणजे तुमचा देव आमच्या आश्रमात आहेच,” शेतकरी म्हणाला. त्याची आई प्रार्थनेला जात असे.

“तो आहेच रे. प्रश्न तो काय देतो याचा आहे.”

मग बोलणं जमिनीवर आलं. लेवीय नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलच्या लोकांना बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहायला आलेले उपरे आहात. दर पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली, विकलेली जमीन मूळ घराकडे परत जायची. विनोबा जेव्हा ‘सब भूमि गोपाल की’ म्हणत गावोगाव हिंडले, तेव्हा ते फार वेगळं काही सांगत नव्हते. मार्च 1951 मध्ये ते इकडून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. तिथून तेलंगणात फिरताना 18 एप्रिलला पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी उठून उभे राहिले आणि म्हणाले, शंभर एकर देतो.

“मागितली ऐंशी, दिली शंभर,” बाई म्हणाल्या. “लूक लिहितो ना, मापाबद्दल. दाबायचं, हलवायचं, वर पुन्हा ओतायचं, शीग लागून सांडेपर्यंत, आणि ते पदरात टाकायचं. दाणे विकणारा पायली कशी भरतो आणि देणारा कशी भरतो, हा फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.”

“आणि पुढे काय झालं, तेही सांगा.” तो आता सावरून बसला. “भूदानाचा पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाली चाळीस लाखांहून थोडी जास्त. त्यात खडक किती, नाला किती, कोर्टात अडकलेली किती? ज्याला नांगर लागत नाही असा तुकडा देऊन पुण्य मिळवणारेही होते. देवाच्या नावाने माणूस आधी नापीक जमीन देतो, बाई.”

“हो,” बाई म्हणाल्या. “हबेल कळपातले पहिले, पुष्ट देतो, आणि मलाखी आंधळं, लंगडं जनावर वेदीवर आणणाऱ्यांवर संतापतो. ही खोड आजची नाही. आणि शेताला शेत, घराला घर जोडत जाणाऱ्यांना यशयाने काय सुनावलंय, ते तू एकदा वाच. देव देतो आणि माणूस धुरा सरकवतो, अशी तक्रार माझ्या ग्रंथात पानापानावर आहे. त्याची उदारता गोड बोलून संपत नाही.”

विनोबांनी त्याआधी, 1950 मध्ये, इथेच पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता. पैशाला हात न लावता, स्वतः पिकवून, स्वतः विहिरीतून पाणी काढून जगायचं. बाईंना त्यात अरण्यातला मान्ना दिसतो. निर्गम ग्रंथात सांगितलंय की वाळवंटात लोकांनी रोज सकाळी माणशी एक ओमर एवढं अन्न गोळा करायचं. ज्याने जास्त उचललं त्याचं जास्त भरलं नाही, ज्याने कमी उचललं त्याला कमी पडलं नाही, आणि ज्याने उद्यासाठी लपवून ठेवलं त्याच्या भांड्यात किडे पडले. शेतकऱ्याला ही गोष्ट आवडते. साठवणाऱ्याच्या मालाला किडे लागतात, हे त्याने गोदामांबाबत कधी पाहिलेलं नाही, असंही तो लगेच म्हणाला.

इथपर्यंतचा वाद जुना होता. त्या दुपारी तो एकदम वेगळ्या ठिकाणी गेला. बाई डोंगरावरच्या प्रवचनाबद्दल बोलत होत्या. देव आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊस दोघांच्याही शेतात पाडतो, त्याच्या घरी पंक्तिभेद नाही, असं काहीसं. शेतकरी रागावला की त्याची बोली वऱ्हाडीवर येते.

“मले सांगा बाई, दत्तपुरात त्या दिवशी कोणता पाऊस पडला होता? तवा देव कुठं होता?”

दत्तपूर पवनारपासून फार लांब नाही. 19 मार्च 1986 या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार लेकरांसह तिथे आयुष्य संपवलं. गेल्या काही वर्षांपासून महाराष्ट्रात अनेक जण त्या तारखेला अन्नत्याग करतात. दिवसभर जेवत नाहीत, पीक काढणाऱ्याच्याच ताटात अन्न राहिलं नाही याची आठवण ठेवतात. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या दुःखाचा इतिहास त्या कुटुंबापासून मोजला जातो.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. खाली नदीत एक बाई कपडे आपटत होती, तेवढाच आवाज.

“मी तुला याचं उत्तर देणार नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “ईयोबाची मुलं गेली, गुरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र आले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले. शेवटी देव कुणावर रागावला, माहीत आहे? ईयोबावर नाही. त्या मित्रांवर. मला त्यांच्यात बसायचं नाही.”

आणि मग त्याच दत्तपुराची दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये तिथे कुष्ठधाम सुरू केलं. त्या काळी या देशात महारोग्यांसाठी जे थोडंबहुत काम होतं, ते बहुतेक ख्रिस्ती मिशनऱ्यांचं. गावात ज्यांची सावली नको, त्यांच्या जखमा हाताने धुणारा इथल्या मातीतला माणूस तेव्हा दुर्मीळ होता. मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की एक कुष्ठरोगी येशूजवळ आला आणि येशूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. शब्दाने तो बरा झाला असता. मार्क स्पर्शाचा वेगळा उल्लेख करतो.

“शुश्रूषा करणारे दिवाण ख्रिस्ती नव्हते,” शेतकऱ्याने आठवण दिली.

“नव्हते. त्याने काय झालं? हात पुढे झाला ना.”

“मग तो माणसाचा हात आहे. तुम्ही त्याला देवाचा म्हणता, एवढंच.”

“एवढंच,” बाई म्हणाल्या, “पण माझ्यासाठी ते एवढंसं नाही.”

दोघांमधला खरा फरक इथे आहे आणि तो मिटवायचा प्रयत्न कुणी करू नये. शेतकऱ्याला वाटतं की दान वरून येतं म्हटलं की खालच्या माणसाची जबाबदारी सुटते. कापसाला भाव का नाही, हा प्रश्न सरकारला विचारायचा, त्याऐवजी आभाळाकडे बघायची सवय लागते. बाईंना उलटं वाटतं. सगळं आपल्याच हाताने मिळवलं असं मानणारा दुसऱ्याला देताना उपकार करतो. आपल्यालाही कुणीतरी पाच वाजता आत घेतलं, हे ज्याला आठवतं, त्याचा हात देताना वर राहत नाही.

बाईंची श्रद्धा पुस्तकी नाही. नगरच्या बाजूला त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये कापणीचा सण असे. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो घेऊन यायचा: बाजरीची कणसं, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, अंडी, एखादी कोंबडी. प्रार्थना झाली की चर्चच्या अंगणात लिलाव. त्यांच्या आईने एकदा नुसतं एक पपईचं फळ नेलं होतं, कारण घरी दुसरं काही नव्हतं. ते एका वाण्याने बाजारभावाच्या कितीतरी पट बोलून घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं, पुन्हा लिलाव करा म्हणाला. ते फळ त्या दिवशी तीनदा विकलं गेलं. आईने ते पपईचं बी जपून ठेवलं होतं, असं बाई सांगतात.

मग बाईंनी मिझोराममधली एक रीत सांगितली. तिथल्या ख्रिस्ती घरांतून ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढले की बाई त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते आणि ते तांदूळ मंडळीच्या कामाला जातात. हे ऐकताच शेतकऱ्याचे डोळे चमकले. त्याच्या आजीच्या घरी सर्वोदय-पात्र होतं. विनोबांनी सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हाताने रोज एक मूठ धान्य त्यात पडू दे. मूल सगळ्यात लहान, म्हणून मूठ सगळ्यात छोटी. पण द्यायची सवय त्याला आधी लागावी. त्या घरात बरीच वर्षं ती मूठ त्याच्या वडिलांची होती.

उदारतेची दुसरी बाजूही बाई लपवत नाहीत. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवावर भार टाकून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाईंच्या माहेरी टिळकांचं नाव फार आदराने घेतलं जाई. पण हाती आलेला पैसा दारी आलेल्याला देऊन टाकणाऱ्या या माणसाचा संसार कुणी जुळवला, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पुरुषाने देवासारखं उदार व्हायचं आणि बाईने रिकाम्या डब्याचा तळ खरवडायचा, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसलं आणि हसत लिहून ठेवलं. पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या, ज्यात तेव्हा वर्धाही होतं, आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. पैसा प्रार्थनेतून येईल असा त्यांचा भरवसा होता. मुलींच्या हातांना काम मात्र त्यांनी स्वतः शोधलं.

“बाई, तुम्ही दिलेलं बायबल मी वाचतो, हे तुम्हाला माहीत आहे,” शेतकरी म्हणाला. “त्या विधवेची गोष्ट घ्या. मंदिराच्या पेटीत तिने दोन नाणी टाकली, होतं नव्हतं ते सगळं. चर्चमध्ये ती दानाचा नमुना म्हणून सांगतात. पण मार्कने तिच्या आधीच्याच ओळींत काय लिहिलंय? शास्त्री लोक विधवांची घरं गिळतात. आधी ते, मग लगेच ही विधवा. येशू तिचं कौतुक करतोय की तिचं घर कसं गिळलं गेलं ते दाखवतोय?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मराठीच्या तासाला कुणी अचूक अर्थ लावला की त्या अशाच पाहत. “दोन्ही,” त्या म्हणाल्या. “आणि दुसरं इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

उतरतं ऊन पाण्यावर आलं होतं. वेचणी संपत आली असेल, काटा करायला हवा, म्हणून ते उठले. त्याच्या दुचाकीवर मागे बसून बाई वावरापर्यंत आल्या. वाटेत सोयाबीनचा तुकडा लागला. कापणी होऊन आठवडा झालेला. उघड्या ढेकळांत तीन-चार बाया आणि एक मुलगी वाकून सांडलेल्या शेंगा वेचत होत्या, मुलीच्या फ्रॉकचा घोळ शेंगांनी भरलेला. इकडे याला सरवा म्हणतात. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. रूथ ही परदेशी, विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमला आलेली बाई, बवाजच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचत जाते. तो तिचा हक्क होता. लेवीय ग्रंथात नियमच होता की शेताच्या कडा कापू नका, गळालेलं गोळा करू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे. अनुवाद नावाच्या ग्रंथात सांगितलंय की एखादी पेंढी विसरलात तर आणायला परत जाऊ नका.

धुऱ्याकडची दोन तासं कापलेलीच नव्हती. झाडं शेंगांसकट उभी होती. त्यांतलं निम्मं बायांनी उपटून झालं होतं.

“हे राहिलं की राखलं?” बाईंनी विचारलं.

“राखलं. हार्वेस्टरवाला ऐकत नव्हता. म्हणाला, दोन तासांसाठी कुठं मशीन वळवू. त्याला सांगितलं, वळवच.”

“का?”

“का म्हणजे? आई सोडायची.”

“तिला कधी विचारलंस का सोडते?”

तो थोडा घुटमळला. “विचारलं होतं. म्हणे, वावर आपण का संगं आणलं होतं?”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या ओठांवर लेवीयाचा पंचविसावा अध्याय आला असणार, पण त्यांनी तो उच्चारला नाही. तो ज्या बाईच्या तोंडून आला होता, तिने लेवीयाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

कपाशीच्या वावरात बाया गाठोडी घेऊन बसल्या होत्या. एकेक गाठोडं काट्यावर चढलं. बत्तीस. अठ्ठावीस. एकतीस. शेवटी एक तरुण बाई पुढे आली, डोक्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. लेकराला ताप होता, दवाखान्यात जाऊन दुपारी आली होती. तिचं गाठोडं आकड्याला लागलं तेव्हा झुललं सुद्धा नाही. अकरा.

शेतकऱ्याने पेन वहीवर टेकवलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई बाभळीला टेकून उभ्या होत्या. त्याने अकरा लिहिले, सगळ्यांसारखेच किलोवर पैसे मोजले, तिच्या हातावर ठेवले. ती निघाली तेव्हा त्याने मागून हाक मारली आणि उद्या लेकराला घेऊनच ये म्हणाला, सावलीला खाट टाकून देतो.

“बाकीचा दिनार?” दुचाकी सुरू करताना बाईंनी विचारलं.

“मळा माझा नाही, जी,” तो म्हणाला. “अर्धा सोसायटीचा आहे.”

त्यांना वर्ध्याची बस पकडायची होती. नागपूर रस्त्याला लागेपर्यंत दोघं कापसाच्या भावाबद्दल बोलत होती.